जुन्या सेडानचा दोष शोधताना: आधी तपासणी, मग पाना

दहा-बारा वर्षं झालेली, लाखभर किलोमीटर पळालेली सेडान कुरकुरायला लागली की बहुतेक जण लक्षण ऐकूनच पार्ट मागवतात. सुरू होत नाही? बॅटरी बदला. तापते? थर्मोस्टॅट बदला. दिवा लागला? सेन्सर बदला. तीन पार्ट बदलून होतात, दोष जागच्या जागी राहतो, आणि मूळचा बिघाड कुठला अन् नव्या जोडणीतून आलेला कुठला हेही मग कळेनासं होतं. जुन्या गाडीत पार्ट बदलणं सोपं असतं, नेमका पार्ट ओळखणं अवघड. खालचा क्रम त्यासाठी आहे. पेट्रोल गाडी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलाय. डिझेलला बॅटरी, कूलिंग आणि ब्रेकचे टप्पे तसेच लागू पडतात, प्लग आणि कॉइलचं मात्र सोडून द्या.

## १. तयारी: वही, मीटर आणि गाडीचं पुस्तक

अवजारांआधी वही. आजचं किलोमीटर रीडिंग लिहा आणि खाली चार प्रश्नांची उत्तरं: दोष थंड इंजिनला दिसतो की गरम? उभ्या गाडीत की पळताना? रोज की अधूनमधून? त्याच्या आदल्या आठवड्यात गाडीला कोणी हात लावला होता का? शेवटचा प्रश्न लोक हसण्यावारी नेतात, पण नव्यानं उद्भवलेला दोष पुष्कळदा नुकत्याच झालेल्या कामाजवळ सापडतो. न बसलेला कनेक्टर, विसरलेला क्लॅम्प, अर्धवट चढवलेला पाइप.

लागणाऱ्या वस्तू फार नाहीत. साधा डिजिटल मल्टीमीटर, कोड वाचणारा ओबीडी स्कॅनर (फक्त कोड न दाखवता चालू आकडेही दाखवणारा घ्या), टॉर्क रेंच, दोन जॅक स्टँड, चांगला टॉर्च आणि पुठ्ठ्याचा मोठा तुकडा. गाडीचं पुस्तक हरवलं असेल तर आधी ते मिळवा. ऑइलचा दर्जा, नटांचा टॉर्क, फ्यूजच्या जागा हे गाडीगणिक वेगळं असतं, तिथे ऐकीव आकडे चालत नाहीत.

गाडी जुनी घेतली असेल आणि आधीच्या कामांच्या नोंदी नसतील, तर काहीच झालेलं नाही असं धरून चाला. त्यातही टायमिंग बेल्ट पहिला. इंजिनात बेल्ट आहे की चेन हे पुस्तकात बघा. बेल्टला किलोमीटरची मर्यादा असते तशी वर्षांचीही असते, गाडी नुसती उभी असली तरी रबर जुनं होतंच. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर पंप, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि बेल्ट एकत्रच बदला. पंपासाठी तेच सगळं सहा महिन्यांनी पुन्हा उघडायला लागलं की पश्चात्ताप होतो.

सावधान: जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, उचलून धरण्यासाठी नाही. सपाट, टणक जमीन, हँडब्रेक, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, आणि जॅक स्टँड बसल्याशिवाय गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

## २. थंड गाडीची पाहणी

गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि इंजिनाखाली पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी पुठ्ठा बरंच काही सांगतो. नुसतं स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, विसरून जा. हिरवट, गुलाबी किंवा नारिंगी आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट. तपकिरी-काळा डाग इंजिन ऑइलचा. लालसर असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किंवा पॉवर स्टीअरिंगचं तेल. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट, बोटांना निसरडं काही दिसलं तर ते ब्रेक ऑइल समजा आणि गाडी हलवू नका.

मग बोनेट उघडा.

ऑइल सपाट जागी बघायचं. कांडी काढा, पुसा, पुन्हा पूर्ण घाला आणि मग वाचा. पहिल्या खेपेचं रीडिंग खरं नसतं. नुकतं इंजिन बंद केलं असेल तर पाच-दहा मिनिटं थांबा. खालच्या आणि वरच्या खुणेत बऱ्याच गाड्यांत जवळपास एक लिटरचं अंतर असतं, तेव्हा थोडं थोडं ओता. खुणेच्या वर भरणंही वाईट: क्रँकशाफ्ट तेल घुसळतो, फेस होतो, दाब पडतो.

ऑइलच्या झाकणाखाली साईसारखा पिवळट थर दिसला की लगेच हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं सील) गेलं म्हणून घाबरू नका. थंडीत फक्त दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या होत असतील तर आत साचलेल्या ओलाव्यामुळेही तो येतो. कांडीवरचं तेलसुद्धा दुधाळ असेल आणि कूलंट कमी होत असेल, तेव्हा मात्र प्रकरण गंभीर.

कूलंटचे होज दाबून पाहा. चांगला होज दाबला तर परत फुगतो. दगडासारखा कडक, भेगाळलेला किंवा क्लॅम्पजवळ लिबलिबीत झालेला होज बदला, तो फुटायची वेळ स्वतःच निवडतो.

टायर बाहेरून जाड दिसले तरी बाजूवरचा चार आकडी तारखेचा कोड वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हवा थंड टायरमध्येच मोजा, आणि आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवरचा घ्या. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो.

## ३. सुरू होत नाही: बॅटरीपासून सेल्फपर्यंत

सर्वात जास्त पार्ट वाया जातात ते इथे, त्यामुळे या टप्प्यावर घाई नको.

माझ्या गाडीचंच सांगतो. सकाळी सेल्फ मारला की एक जड "टक्", आणि शांतता. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाला सुरू. आधी बॅटरी नवी टाकली. चार दिवस बरे गेले. मग गॅरेजमध्ये सेल्फ बदलून आणला. आठवड्यानं पुन्हा तेच. शेवटी मीटर घेऊन बसलो तर इंजिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये सेल्फ मारताना ०.९ व्होल्ट दिसले. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी बाहेरून धडधाकट होती. बोल्ट सोडवला तर लगखाली (पट्टीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) पांढरी-हिरवी भुकटी, आणि खालच्या पत्र्याला गंज. पॉलिश पेपरनं दोन्ही पृष्ठभाग चकचकीत केले, बोल्ट आवळला, काम झालं. बॅटरी आणि सेल्फ दोन्ही निर्दोष होते.

म्हणून क्रम असा:

बॅटरीचा व्होल्टेज. गाडी काही तास बंद असताना मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ किंवा खाली म्हणजे उतरलेली. उतरलेली बॅटरी आणि खराब बॅटरी यांत फरक आहे. आधी पूर्ण चार्ज करा, मग निकाल द्या.

सेल्फ मारताना. फ्युएल पंपाचा फ्यूज काढा म्हणजे इंजिन फिरेल पण पेट घेणार नाही. बॅटरीच्या टोकांना मीटर लावून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. चार्ज केलेली बॅटरी साधारण हवामानात ९.६ व्होल्टच्या खाली कोसळत असेल तर बहुधा ती संपली आहे. व्होल्टेज टिकून आहे तरी इंजिन जड फिरतंय? मग बॅटरीला दोष देऊ नका, पुढे चला.

अर्थ आणि केबल. मीटरची लाल तार इंजिनाच्या उघड्या धातूला, काळी तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला. क्लॅम्पला लावू नका, शिशाच्या टोकालाच लावा, नाहीतर टोक आणि क्लॅम्पमधला गंज मोजणीतून निसटतो. सेल्फ मारताना ०.२–०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर त्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे. मग पॉझिटिव्ह बाजूही तशीच: बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत.

हे सगळं बरोबर निघालं तरच सेल्फवर संशय घ्या. दिव्यांकडेही बघा. सेल्फ मारताना आतले दिवे विझल्यासारखे होत असतील तर बॅटरी किंवा जोडण्या. दिवे लख्ख राहिले आणि साधी टकटकही नाही, तर सेल्फपर्यंत हुकूमच पोचत नाही: इग्निशन स्विच, रिले, क्लच किंवा गिअरचा सुरक्षा स्विच.

चार्जिंग. गाडी सुरू झाली की बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. दिवे, पंखा, मागच्या काचेचा हीटर लावूनही १३ च्या वर राहायला हवं. नसेल तर आधी बेल्टचा ताण आणि अल्टरनेटरच्या जोडण्या बघा, मग अल्टरनेटर. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे पुस्तकातला आकडा धरा.

रात्रीतून बॅटरी उतरते. निगेटिव्ह केबल काढून मीटर दहा अँपिअरच्या सॉकेटवर मधे जोडा. बोनेट आणि दाराची कुलपं स्क्रूड्रायव्हरनं बंद अवस्थेत आणा आणि अर्धा-पाऊण तास थांबा. लोक इथेच चुकतात, गाडीतले कॉम्प्युटर झोपायच्या आधीच आकडा वाचतात. झोपल्यावर ५० मिलीअँपिअरच्या आत असलं तर साधारणपणे ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडेल त्या वाटेवर चोर आहे.

सावधान: असा मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल. बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना निगेटिव्ह शेवटी. दुसऱ्या गाडीवरून जोड द्यायची तर आधी उतरलेल्या बॅटरीचा पॉझिटिव्ह, मग चांगल्याचा पॉझिटिव्ह, मग चांगल्याचा निगेटिव्ह, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिथे पडायला नको.

## ४. चेक इंजिनचा दिवा

दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय? लुकलुकत असेल तर इंजिन इतकं मिसिंग करतंय की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतोय. अॅक्सिलरेटर सोडा, जमेल तितक्या लवकर थांबा. स्थिर दिव्याला तेवढी निकड नाही, फक्त ऑइल आणि तापमानाचे दिवे विझलेले हवेत.

कोड वाचा, लिहून घ्या, सोबतचं फ्रीझ फ्रेम लिहून घ्या (दोष नोंदला तेव्हाचा वेग, आरपीएम, तापमान त्यात असतं) आणि मगच वाटलं तर कोड पुसा. आधी पुसणारे स्वतःचा पुरावा स्वतःच नष्ट करतात.

कोड पार्टचं नाव सांगत नाही, लक्षण सांगतो. तीन उदाहरणं पुरतील.

पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर पहिल्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची पहिल्यावर घाला, कोड पुसा, फिरवून आणा. आता पी०३०३ आला तर कॉइल दोषी. पी०३०१ च राहिला तर त्या सिलिंडरचा प्लग, मग इंजेक्टर, मग कम्प्रेशन. कॉइल उपसताना तिचं रबर तेलानं माखलेलं निघालं तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट गळतंय. ते न बदलता नवी कॉइल घातली तर तीही बुडणार.

पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. पुष्कळ जण लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलतात, जो बिचारा खरं बोलत असतो. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा) बघा. गाडी उभी असताना ट्रिम खूप वर आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल तर कुठूनतरी चोरून हवा शिरतेय: तडकलेला व्हॅक्यूम होज, इनटेकचं गॅस्केट, पीसीव्हीचा (इंजिनातले वायू परत इनटेकमध्ये सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) पाइप. उलट आरपीएमबरोबर ट्रिम वाढत असेल तर पेट्रोलचा दाब किंवा हवा मोजणारा सेन्सर तपासा. होजमधली फुसफुस ऐकायला रबराची नळी कानाला लावून तिचं दुसरं टोक फिरवा. गरम इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारून गळती शोधायची युक्ती लोक सांगतात. मी ती करत नाही.

पी०४२० म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही असं लक्षण. तो आला म्हणून थेट कन्व्हर्टर घेऊ नका. एक्झॉस्टची गळती, जुनं मिसिंग, ऑइल जळणं हे आधी निस्तरा. कारण न काढता बसवलेला नवा कन्व्हर्टरही त्याच रोगानं जाईल.

प्लग बदलणार असाल तर इंजिन थंड होऊ द्या आणि सुरुवातीचे आटे हातानंच बसवा. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये वाकडा चढवलेला प्लग आटे घेऊन जातो.

## ५. गाडी तापते

काटा चढायला लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात. इंजिनातली थोडी उष्णता तुमच्या अंगावर येते, पण सुरक्षित जागा गाठेपर्यंत वेळ मिळतो. काटा लाल पट्ट्यात गेला तर तिथेच बाजूला घेऊन बंद करा.

सावधान: गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. निम्मं कूलंट, निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं, झाकणाच्या दाबाखाली १२५ च्याही पुढे द्रवच राहतं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. निदान पाऊण तास थांबा. वरचा होज मऊ लागला आणि हाताला सोसवला, तरच जाड फडकं धरून हळू फिरवा. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका, हेड तडकू शकतं.

आता वहीतलं उत्तर उपयोगी पडतं. कधी तापते?

*उभ्या गाडीत किंवा रेंगाळत्या रहदारीत तापते, पळताना उतरते:* पंखा. एसी लावा. पुष्कळ गाड्यांत एसीबरोबर रेडिएटरचा पंखा फिरायला लागतो. फिरला नाही तर फ्यूज, रिले, कनेक्टर, मोटर या क्रमानं. शेजारच्या तशाच रिलेशी अदलाबदल ही फुकटची चाचणी आहे.

*वेगात किंवा चढावर तापते:* कूलंट कमी, रेडिएटर आतून किंवा जाळीतून बुजलेला, पंपाची पाती झिजलेली, नाहीतर थर्मोस्टॅट अडकलेला. वरचा होज चटका देतो आणि खालचा थंडच, तर थर्मोस्टॅट उघडत नाही किंवा प्रवाहच नाही.

*काटा वरच चढत नाही, मायलेज पडलंय, हीटर कोमट:* थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. "थर्मोस्टॅट काढूनच टाका, गाडी थंड राहील" हा सल्ला तुम्हाला कधीतरी मिळेल. ऐकू नका. इंजिन थंड आहे असं समजून कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो आणि मूळ दोष झाकला जातो.

*कूलंट कमी होतं पण कुठे गळती दिसत नाही:* हेड गॅस्केटचा संशय. गरम झाल्यावरही थांबत नसलेला पांढरा, गोडसर धूर, टाकीत सतत बुडबुडे, गाडी सुरू केल्याबरोबर दगडासारखा होणारा वरचा होज. गॅरेजमध्ये कूलंटमधला एक्झॉस्ट वायू ओळखायची रासायनिक चाचणी होते, इंजिन उघडण्याआधी ती करून घ्या.

कूलंट भरताना नळाचं पाणी टाळा, त्यातले क्षार आत थर धरतात. डिस्टिल्ड पाणी वापरा. रंग जुळला म्हणजे कूलंट जुळलं असं नसतं, पुस्तकातला प्रकार बघा. भरून झाल्यावर हवा काढणं हे या कामातलं सर्वात दुर्लक्षित पाऊल: हीटर गरमवर ठेवा, हवा काढायचा स्क्रू असेल तर उघडा, हळू ओता, पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा, पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा बघा. हीटरमधून मधेच गार हवा आली तर आत अजून हवा आहे.

## ६. ब्रेक

ब्रेक ऑइलची पातळी उतरली की वरून भरायचं आणि मोकळं व्हायचं, हे धोक्याचं आहे. पातळी दोनच कारणांनी उतरते: पॅड झिजलेत किंवा गळती आहे. चाक काढून बघा. पॅडचा मसाला ३ मिलिमीटरवर आला की बदला, आणि आतल्या बाजूचा पॅड बघायला विसरू नका. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना जॅम झाल्या की आतला आणि बाहेरचा पॅड सारखे झिजत नाहीत, आणि चाकाच्या फटीतून फक्त बाहेरचा दिसतो. पॅड नवे घालताना पिना साफ करून ब्रेकचं योग्य ग्रीस लावा. सोडवलेला कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नका, तारेनं बांधा.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते पूर्ण बदलायचं. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओलावा मुरल्यावर प्रमाणाची मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. लांब उतारावर पेडल एकाएकी पोकळ होतं ते त्यामुळे. चुकून इंजिन ऑइल किंवा स्टीअरिंगचं तेल या टाकीत पडलं तर गाडी चालवू नका, सगळ्या रबरी सील फुगतात.

पडताळा: पॅड बदलल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल टणक होईपर्यंत दाबत राहा. पहिल्या दाबाला ते तळाशी जातंच, आणि ते गेटसमोर कळण्यापेक्षा जागेवर कळलेलं बरं. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमानं, पुस्तकातल्या टॉर्कनं. ८०–१०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

## ७. आवाज ऐकायला एक फेरी

रेडिओ बंद, काचा खाली, मोकळा रस्ता. पूर्ण स्टीअरिंग वळवून हळू चालवताना कटकट आली तर सीव्ही जॉइंट (चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवणारा सांधा), त्याचं रबर फाटलेलं असणार. वेगाबरोबर वाढणारी आणि गाडी एका बाजूला झुकवली की बदलणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची. फक्त ब्रेक मारताना स्टीअरिंग थरथरलं तर डिस्क. ब्रेक न मारता ठरावीक वेगाला थरथरलं तर आधी चाकांचं बॅलन्सिंग. खड्ड्यात ठकठक: लिंक रॉड, बुश, बॉल जॉइंट, आणि स्वस्तात सुटणारं कारण म्हणजे डिकीत मोकळी पडलेली स्टेपनी. आधी तीच आवळा.

मागे आरशात धूरही बघा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. निळा म्हणजे ऑइल जळतंय: बराच वेळ उभी राहून निघताना आला तर व्हॉल्व्हचे सील, जोर देताना आला तर रिंगा. दोन्हीआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह बुजलाय का ते तपासा.

## ८. काम झाल्यावर

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि गाडी दोन-तीन दिवस चालवून बघा. पुठ्ठा पुन्हा खाली सरकवा. जळालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा कधीच घालू नका, फ्यूज वाचेल आणि वायर पेटेल. वहीत रीडिंग, तारीख, काय मोजलं आणि काय बदललं ते लिहा.

गॅरेजमध्ये न्यायची वेळ आलीच तर पार्टचं नाव घेऊन जाऊ नका. "सेल्फ बदला" म्हटलं की सेल्फ बदलला जातो. असं सांगा: "सकाळी थंड असताना एकदाच टक् वाजतं, दुसऱ्या प्रयत्नाला सुरू होते. बॅटरी १२.६, सेल्फ मारताना १०.८. इंजिनाच्या अर्थवर ०.९ येतंय."